जमखान्यावर करू

परवा माझा भाचा मला बेळ्ळंदूरला फ्लॅट दाखवायला घेऊन गेला. निम्मा दिवस रिंग रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये गेला आणि उरलेला लिफ्टची वाट बघण्यात. वर पोचल्यावर टाय लावलेला एक एजंट सुपर बिल्टअप, बिल्टअप आणि कार्पेट असे तीन आकडे म्हणून दाखवायला लागला, आणि दर आकड्याला घर लहान होत गेलं. मी विचारलं, कार्पेट कुठंय? खाली तर नुसती गुळगुळीत फरशी, घसरले तर कंबरडं मोडेल अशी. एजंट समजूतदारपणे हसला. म्हाताऱ्या बायकांकडे बघून हसायचं एक वेगळं हसू या लोकांना शिकवत असणार. म्हणाला, आंटी, कार्पेट म्हणजे कार्पेट नव्हे, चालायला-बसायला मिळते ती जागा. म्हणजे भिंतींनी खाऊन उरतं ते, मी म्हटलं. तो म्हणाला, करेक्ट. खिडकीतून तळं दिसतं असंही सांगत होता. मला समोरच्या बिल्डिंगमध्ये वाळत घातलेल्या चड्ड्या दिसल्या.

येताना गाडीत मी हाच शब्द चघळत बसले होते. भाच्याचं लक्ष मोबाइलवरच्या क्रिकेटकडे, तिथे कुणीतरी चेंडू कार्पेटवरून मारला म्हणून ओरडत होता. नट्या रेड कार्पेटवरून चालतात, ते घरी बसून बघायला आपल्याला मिळतं. महाराष्ट्रातली वर्तमानपत्रं मी अजून वाचते, तिथे बाहेरून आलेल्याला तिकीट दिलं की जुना कार्यकर्ता चिडून म्हणतो, आम्ही काय जन्मभर सतरंज्याच उचलायच्या का? आणि आलेल्याच्या वाटेत पायघड्या. गालिचा, जाजम, सतरंजी, बैठक, किती म्हणून नावं. आमच्या घरात या सगळ्याला मिळून एकच शब्द होता, जमखाना. त्या एका शब्दानं अण्णांची जी शोभा झाली, ती लिहून ठेवावी असं पुष्कळ दिवस मनात होतं. फ्लॅट बघून आल्यावर राग ताजा झाला, तेवढं बरं झालं.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचं शामियान्याचं दुकान होतं. लग्नं, मुंजी, बारशी, गावातली आणि गल्लीतली सगळी सभासंमेलनं यांना लागणारे मांडव, पातेली, खुर्च्या आणि जमखाने आम्ही भाड्यानं द्यायचो. दुकान पुढे, घर मागे, आणि घराच्या मागे हित्तल, म्हणजे परसू. तिथे नारळाच्या दोन झाडांमध्ये दोऱ्या बांधून जमखाने वाळत घातलेले असायचे. माझ्या लहानपणचा आवाज म्हणजे जमखाने झोडपायचा आवाज. सकाळी उठल्यापासून वेताच्या काठीनं धप, धप, धप. आणि कुंपणापलीकडून शेजारच्या अक्काचं कानडीतलं भांडण, की तुमच्या लग्नांची धूळ माझ्या सांबारात पडते. आई तिला म्हणायची, 'स्वल्प थांबा हो अक्का, दोनच राहिलेत.' ते दोन कधी संपले नाहीत.

परत आलेला जमखाना आई पुढ्यात घेऊन बसायची आणि डागांवरून लग्न सांगायची. हळदीचा डाग असला तर मुलीकडचे. एका कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या असल्या की तिकडे मुलाचे मामा बसले होते. पायसाचे डाग भरपूर असले तर वाढपी दांडगे आणि यजमान गरीब. त्या जमखान्यांना मोगरा, तूप, रसम आणि दुसऱ्यांची लहान मुलं असा मिळून एक वास असायचा आणि आम्ही भावंडं त्यावरच झोपायचो. लग्नसराईत सगळे जमखाने बाहेर गेले की आम्ही चटईवर. दुनिया लग्न करते आणि पाठ आमची दुखते, असं मी एकदा म्हटलं होतं आणि त्याबद्दल रपाटा खाल्ला होता.

एक जमखाना मात्र भाड्यानं जायचा नाही. तो आजोबांनी नवलगुंदहून मुद्दाम विणून आणलेला. तांबडा-निळा, मधे मोर, आणि एवढा थोराड की दोघंतिघं लागायचे उचलायला. त्यावर चपलेचा पाय पडला तर अण्णांच्या चेहऱ्यावर आपल्याच छातीवर पाय पडल्यासारखं दिसायचं. आम्ही मुलं त्याच्या आसपास फिरकलो तरी ओरडा. वर्षातून एकदोनदा तो उलगडायचा, सगळ्यांनी त्याच्याकडे बघायचं, परत गुंडाळायचा. आमच्या घरातली सगळ्यात सुखी वस्तू ती.

आता मंडळाबद्दल. आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडे कानडी मुलखात आले आणि फौज परत गेली तरी हे इथेच राहिले, एवढाच आमचा इतिहास. तीनशेहून जास्त वर्षं आम्ही घरात मराठी बोलत आलो. कानडीत बुचकळून काढलेली असेल, पण मराठीच. मग पुण्या-मुंबईहून कॉम्प्युटरवाले आणि मोठ्या कारखान्यांतले साहेब यायला लागले. इलेक्ट्रॉनिक सिटी म्हणजे तेव्हा चार इमारती आणि बाकी माळ होता. या लोकांना संध्याकाळी करमेना, म्हणून त्यांनी मराठी मंडळ काढलं. पहिल्या भेटीत त्यांनी अण्णांना विचारलं, तुम्ही मूळचे कुठले? अण्णा म्हणाले, इथलेच. नाही, पण मूळचे? अण्णांनी हातानं जमीन दाखवली. त्यांना वाटलं, दुकानाचा पत्ता सांगताहेत.

अण्णांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे या मंडळाच्या कमिटीत बसणं. मला तेव्हा त्याचं हसू यायचं. आता येत नाही. कानडी लोक त्यांना मराठी राव म्हणायचे, मराठी लोक त्यांना कानडी अण्णा म्हणायचे, आणि या माणसाला एकदा, एकाच कागदावर का होईना, मराठी म्हणून आपलं नाव बघायचं होतं. दर गणपतीला मंडळाचे सेक्रेटरी केळकर यायचे, बैठकीचं सगळं सामान फुकटात घेऊन जायचे आणि जाताना म्हणायचे, पुढच्या वर्षी तुम्हाला कमिटीत घ्यायचंच हं अण्णा. अण्णा खूश. त्या 'हं'वर त्यांची किती वर्षं गेली. आई म्हणायची, तो माणूस तुम्हाला पाव्हणा समजत नाही, गडी समजतो. अण्णा म्हणायचे, तुला कळत नाही, ती त्यांची बोलायची पद्धत आहे.

त्या वर्षी मंडळानं पुण्याहून एक व्याख्याते बोलावले होते. विषय, मराठी भाषेची शुद्धता. पुढच्या आठवड्यात कार्यक्रम आणि ठरलेल्या हॉलवाल्यानं हात वर केले. केळकरांनी दुकानात फोन केला तेव्हा मी कॉलेजातून येऊन गल्ल्यापाशी शेंगदाणे खात बसले होते. आमचा फोन असा होता की पलीकडचा माणूस समोरच्या फुटपाथपर्यंत ऐकू यायचा, त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं मी कानांनी ऐकलंय. केळकर रडकुंडीला आले होते, कार्यक्रम करायचा कुठे?

'त्यात काय,' अण्णा म्हणाले, 'जमखान्यावर करू.'

'जिमखान्यावर?'

'हां. लागंल तेवढं माणूस बसतंय.'

'तिथे तुमची ओळख आहे?'

'ओळख कशाला? आमचाच की तो. आजोबांपासून आहे.'

मग केळकर अगदी वेगळ्या, मऊ आवाजात म्हणाले, 'बोलला नाहीत कधी.'

'सांगायचं काय त्यात. मोठं माणूस आलं तरच काढतो आम्ही. फक्त चपला नकोत.'

'ते माहीत आहे हो मला. चपला चालत नाहीत तिथे.'

आता हे ऐकून मला काही शंका यावी की नाही? नाही आली. जिमखाना नावाची काही वस्तू जगात असते हे आमच्या गल्लीला ठाऊक नव्हतं. आम्हा दोघांना वाटलं, पुण्याकडे जमखान्याला जिमखाना म्हणत असतील, तेच शुद्ध असेल. आणि केळकरांना वाटलं, अण्णा जिमखान्याला जमखाना म्हणतात, अडाणी उच्चार. आजवर ते सतरंजी म्हणायचे आणि अण्णा मान डोलवून माल काढून द्यायचे, त्यामुळे हा शब्द दोघांच्या मधे कधी आलाच नव्हता. गोऱ्या साहेबांच्या वेळचा, जिमखाना नावाचा एक जुना क्लब शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. केळकर तिथे आत जायला मिळावं म्हणून कितीतरी दिवस धडपडत होते, असं पुढे कळलं. आणि सतरंज्यावाल्या अण्णांच्या आजोबांपासून तिथलं सभासदत्व! त्यांनी कुठे चौकशीसुद्धा केली नाही. अण्णा आहेत म्हणजे झालंच.

दोन दिवसांनी पत्रिका आली. उपाध्यक्ष, असं छापून खाली अण्णांचं पूर्ण नाव, मागे श्री, पुढे राव. स्थळ, जिमखाना. आणि तळाला, कृपया चपला घालून येऊ नये. अण्णांनी ती पत्रिका दुकानातल्या देवाच्या फोटोला टेकवून ठेवली आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला, त्याला मराठी येत असो की नसो, वाचून दाखवली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या सेट्टीला दाखवली, भाजीवाल्याला दाखवली. स्वतःचा शब्द त्याच दिवशी सुधारून घेतला. दुकानातल्या माणसांना सांगायला लागले, जिमखाना नीट झाडा, जिमखान्याला डांबरगोळ्यांचा वास येतोय. आईनं जमखाना म्हटलं तर तिची चूक काढायला लागले. ती म्हणाली, सरी, बरं, उद्या नवरा बदलला तरी सांगा. पण तीही आतून हरखली होती. पत्रिका तिनं दोनदा पदरानं पुसलेली मी पाहिली.

कार्यक्रमाच्या दिवशी हित्तलातल्या दोऱ्या काढल्या, शेण टाकून सारवलं आणि आजोबांचा जमखाना पसरला. मोर उन्हात बघत राहावा असा दिसत होता. आईनं चित्रान्न केलं, म्हणजे लिंबाचा फोडणीचा भात, शिवाय डाळीची कोसंबरी, होळिगे म्हणजे पुरणपोळ्या, शेवयांचं पायस. पुण्याची माणसं म्हणून आमटीत गूळ जास्त घातला. मागच्या पडवीत केळीची पानं धुऊन रचली. नेहमीची माणसं अण्णांनी दुसऱ्या एका लग्नावर पाठवून दिली, कारण आज त्यांना दुकानदार दिसायचं नव्हतं, यजमान दिसायचं होतं. नवं धोतर नेसून, अत्तर लावून ते फाटकाशी उभे राहिले. वेळ झाली. वेळ टळली. शेजारची अक्का कुंपणावरून विचारून गेली, कुठं आहेत तुमचे मराठी लोक? अण्णा म्हणाले, ट्रॅफिक. तेव्हा या शहरात ट्रॅफिक नव्हतं.

तिकडे क्लबच्या फाटकावर काय झालं ते नंतर प्रत्येकानं वेगवेगळं सांगितलं. सगळ्यांचं जमतं एवढंच, की शहरातले यच्चयावत नवे मराठी पुरुष सूटबुटात, बायका जरीत, आणि मधे पुण्याचे व्याख्याते हार घालून उभे, आणि दारावरचा माणूस शांतपणे विचारतोय, कुठले राव? केळकर त्याला सांगताहेत, त्यांच्या आजोबांपासून आहे, विचार आत. तो म्हणतोय, असे राव इथे रोज येतात. शेवटी केळकर एकटेच रिक्षा करून आमच्या दुकानी आले, अण्णांना ओळख पटवायला घेऊन जायला. घामानं टायचा रंग शर्टावर उतरला होता.

अण्णा दोन्ही हात जोडून पुढे झाले. केळकरांनी नमस्कार घेतला नाही. जिमखाना कुठाय, एवढंच विचारलं. अण्णांनी त्यांना बाजूनं मागे नेलं आणि अभिमानानं खाली बोट दाखवलं. 'हा काय.'

केळकर आधी जमखान्याकडे बघत राहिले, मग अण्णांकडे. मग म्हणाले, 'अहो, ही सतरंजी आहे. मराठीत हिला सतरंजी म्हणतात.' त्यातलं 'मराठीत' त्यांनी असं म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अण्णा नुसते हसले. अजून त्यांना काही कळलं नव्हतं. मला कळलं, आणि मी आईकडे बघितलं तर तिनं पदर तोंडाला लावला होता. हसू होतं की काय होतं ते मी कधी विचारलं नाही.

शेवटी केळकरांनी क्लबवर निरोप धाडला आणि बाकीची मंडळी रिक्षा भरभरून आली. चपला घालू नये म्हणून सगळे बुटात. हित्तलात शेणाच्या सारवणावर एका पायावर उड्या मारत त्यांनी नाड्या सोडल्या आणि भोकाच्या मोज्यांमधून शहरातल्या तमाम मराठी अंगठ्यांचं दर्शन आम्हाला झालं. व्याख्याते शुद्धतेवर बोलले. भुकेला माणूस बोलतो तसं, भरभर. मधेच खाली बघून म्हणाले की सतरंजी काय, गालिचा काय, जाजम काय आणि जमखाना काय, तसे सगळेच शब्द बाहेरून आलेले, खाली अंथरायच्या वस्तूला आपला असा शब्द शोधावा लागेल. केळकरांनी घड्याळ बघितलं. मला त्या म्हाताऱ्याला जाऊन होळिगे वाढावीशी वाटली. पण टाळ्या पडल्या नाहीत.

मग आभार. अण्णा पहिल्या रांगेत बसले होते, पाठ ताठ. आपल्याला पुढे बोलावतील आणि दोन शब्द बोलायला सांगतील म्हणून त्यांनी आठवडाभर आरशासमोर तयारी केली होती, 'माझ्या मराठी बंधूंनो आणि भगिनींनो' इथपर्यंत मीही ऐकलं होतं. केळकर उभे राहिले. सगळ्यांचे आभार मानून झाल्यावर खिशातून पत्रिका काढली आणि म्हणाले, 'पत्रिकेत छपाईच्या दोन चुका राहून गेल्या, त्याबद्दल मंडळ दिलगीर आहे. एक, कार्यक्रमाचं स्थळ. दुसरी, उपाध्यक्षांचं नाव. सतरंजीबद्दल आम्ही अण्णांचे आभारी आहोत.'

लोक हसले. सगळे वाईट होते असं नाही, काहींना तो विनोदच वाटला असेल. पण मी अण्णांची मान बघत होते. ती खाली गेली नाही, आहे तिथेच राहिली आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मला तेव्हा जो संताप आला तो अजून गेलेला नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं. वय झालं की माफ करावं म्हणतात. ज्याला जमतं त्यानं करावं.

आता जेवणं. पण या जमखान्यावर आमच्यात पंगत मांडत नाहीत, तो आधी उचलावा लागतो, आणि पानं त्याच जागी मांडायची होती. चित्रान्नाचा वास केव्हापासून सगळ्यांच्या नाकाशी. केळकर सवयीनं, मागे वळूनसुद्धा न बघता म्हणाले, अण्णा, सतरंजी तेवढी उचलून घ्या, म्हणजे बसता येईल.

अण्णा उठले. धोतर झटकलं. पडवीत गेले, रचलेल्या पानांतलं सगळ्यात मोठं पान काढून स्वतःपुढे मांडलं, त्यावर पाणी शिंपडलं आणि मांडी घालून बसले.

'सतरंजी उचलणं कमिटीचं काम आहे,' ते म्हणाले. 'मी कमिटीत नाही. आत्ताच तुम्ही सांगितलं.'

आवाज चढवला नव्हता. त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. केळकर हसायला गेले, पण बाकी कुणी हसलं नाही, भूक लागली होती. व्याख्याते आपले बूट हातात घेऊन बाजूला झाले आणि कमिटीकडे बघायला लागले. शेवटी कमिटी वाकली. कोट काढले, बाह्या दुमडल्या, टाय खांद्यावर टाकले. एका बाजूनं अध्यक्ष उत्तरेकडे ओढताहेत, दुसऱ्या बाजूनं खजिनदार पूर्वेकडे, मधे मोराच्या पोटावर केळकर गुडघे टेकून. जमखाना गुंडाळायला दोन्ही टोकं एका वेळी चालावी लागतात, आणि या लोकांची दोन टोकं कधी एका वेळी चालली नव्हती. एकदा गुंडाळलं ते शंकूसारखं निघालं. उलगडून पुन्हा सुरू. बायका कडेला उभ्या राहून हसायला लागल्या, तेव्हा अध्यक्ष चिडले आणि म्हणाले, जोर लावा.

आई वाढायला आली. अण्णांच्या पानात तिनं आधी मीठ, मग कोसंबरी, मग चित्रान्न वाढलं. दुसऱ्यांच्या घरच्या किती पंगती या माणसानं मांडल्या असतील, आणि जेवायचा मात्र सगळ्यांच्या मागून, उभ्या उभ्या, पातेल्यांशेजारी. त्यांनी पहिला घास घेतला, आणि तेव्हाच मागून कापड फाटल्याचा लांब आवाज आला. कुणीतरी हळूच 'अरे अरे' म्हणालं. मी वळून बघितलं, जमखाना मोराच्या मानेपासून आरपार गेला होता. आईचा हात पातेल्यात तसाच राहिला.

अण्णांनी वळून बघितलं नाही. घास चावला, गिळला. मग शेजारी दुसरं पान मांडलं, त्यावर पाणी शिंपडलं आणि मला म्हणाले,

'बस तूही, वसू. आज आपण पाहुणे.'

मी बसले.